गॅलापागोसची नौकासफर: इग्वानांसाठी कोणता मार्ग निवडावा

गॅलापागोसमधील नौकासफरींची परीक्षणे वाचली, तर त्यांत बहुधा खोलीचा आकार, जेवणाची चव आणि बोट लागण्याचा त्रास यांचीच चर्चा आढळते. आम्ही ही सफर प्रामुख्याने इग्वाना हे मोठे सरडे पाहण्यासाठी केली होती. त्या एका कसोटीवर तिचे मूल्यमापन करायचे, तर नौका कितीही सुखसोयींची असली तरी ती कोणकोणत्या बेटांना लागते यावर जवळजवळ सर्व काही अवलंबून असते. येथे इग्वाना सगळीकडे दिसतात हे खरे आहे. परंतु एका बेटावरचा इग्वाना दुसऱ्या बेटावरच्यासारखा नसतो, आणि काही प्रकार तर एकाच बेटावर, किंबहुना एकाच ज्वालामुखीच्या उतारावर आढळतात. हे ध्यानात न घेता केवळ दर पाहून आरक्षण करणाऱ्याला परतल्यावर आपण निम्मेच पाहिले हे कळते.

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे एक हजार किलोमीटरवर असलेल्या या द्वीपसमूहाच्या भूभागापैकी ९७ टक्के क्षेत्र १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. तेथील बहुतेक ठिकाणी परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि नौकेने कोणत्या दिवशी कोठे जायचे याचे वेळापत्रकही उद्यान प्रशासनाने मंजूर केलेले असते. त्यामुळे प्रवासात असताना कप्तानाला विनंती करून मार्ग बदलून घेण्याची आशा बाळगू नये. निवड जी काही करायची ती पैसे भरण्यापूर्वीच. आम्ही सोळा प्रवाशांची छोटी नौका आणि वायव्येकडचा मार्ग निवडला होता. विमानतळ असलेल्या बाल्ट्रा बेटावरून निघून हेनोवेसा, सांतियागो, फर्नांडिना, इसाबेला आणि शेवटी सांता क्रूझ असा तो मार्ग होता. त्यानंतर पुएर्तो आयोरा गावात मुक्काम ठेवून साउथ प्लाझा आणि सांता फे ही बेटे दिवसाच्या सहलींनी पाहिली.

या मार्गाचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे फर्नांडिनावरील पुंता एस्पिनोसा. किनाऱ्यावर उतरताना प्रथम केवळ काळा, दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा गोठलेला लाव्हा दिसतो. मग त्यातील एक उंचवटा जोरात शिंकतो, आणि आपण पाऊल ठेवायला निघालो होतो तो खडक नसून एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पहुडलेल्या शेकडो सागरी इग्वानांचा ढीग आहे, हे लक्षात येते. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखण्याचा उद्यानाचा नियम येथे पाळायचा कसा, हा खरोखरच प्रश्न पडतो, कारण वाटेवरच पसरलेले हे प्राणी माणसाला पाहून तसूभरही हलत नाहीत. आमच्या मार्गदर्शकांनी गटाला थांबवून, एकेकाला वळसा घालायला लावून आम्हाला पुढे नेले, आणि त्यात घाई केली नाही. मोठ्या नौकांचे गट वेळेच्या बंधनामुळे जसे रेटत पुढे जाताना दिसले तसे येथे घडले नाही.

सागरी इग्वाना हा जगातील एकमेव सरडा, जो आपले अन्न समुद्रातून मिळवतो. त्याची ठेवणच त्या कामासाठी घडलेली आहे. खडकाला चिकटलेले शेवाळ खरवडण्यासाठी तोंड आखूड आणि बोथट, दातांना तीन तीन टोके, लाटेत घट्ट धरून राहण्यासाठी लांब वाकड्या नख्या, आणि पोहण्यासाठी दोन्ही बाजूंनी चपटी शेपटी. शेवाळाबरोबर पोटात जाणारे जादा मीठ डोळ्यांच्या वरच्या भागातील ग्रंथी वेगळे करतात व ते नाकावाटे फवाऱ्यासारखे बाहेर फेकले जाते. ती शिंक याचीच. उडालेले मीठ डोक्यावर वाळून पांढरी टोपी घातल्यासारखे दिसते. काळा रंगही निरुपयोगी नाही. थंड पाण्यात बुडी मारून आल्यावर शरीराचे तापमान बरेच खाली गेलेले असते, आणि ते पुन्हा पस्तीस-छत्तीस अंश सेल्सिअसपर्यंत आणल्याखेरीज खाल्लेले पचत नाही, म्हणून सकाळचा बराचसा वेळ हे सर्व प्राणी सूर्याला अंग दाखवून स्वस्थ पडलेले असतात. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये येथे आला, तेव्हा त्याला हा प्राणी ओंगळ आणि सुस्त वाटला होता. दुपारपर्यंत थांबून, ओहोटी लागल्यावर हीच सुस्त मंडळी ओळीने पाण्याकडे निघताना पाहिली, तर ते मत फार घाईचे वाटते; अर्थात सौंदर्याच्या बाबतीत डार्विनशी वाद घालण्याची आमची तयारी नाही.

पाण्याखालचा भाग हा या सेवेचा सर्वांत उजवा भाग होता. इसाबेलाच्या उत्तर टोकाजवळील पुंता विसेंते रोका येथे मुखवटा आणि श्वासनळी लावून पाण्यात उतरल्यावर मोठे नर पाय अंगालगत घेऊन केवळ शेपटीच्या हेलकाव्यांनी खाली जाताना आणि तळाच्या खडकांना बिलगून चरताना दिसले. सगळेच इग्वाना अशी बुडी मारत नाहीत, ही माहिती आम्हाला नवी होती. माद्या आणि लहान आकाराचे नर ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवरच पोट भरतात. खोल पाण्याची थंडी मोठ्या शरीरालाच परवडते. हे सर्व मार्गदर्शकांनी आदल्या रात्री आकृत्या काढून समजावले होते, म्हणूनच पाण्यात कोणाकडे आणि कशासाठी पाहायचे हे ठाऊक होते. पाण्यात घालायचे रबरी पोशाख मात्र जुने आणि मोजक्याच मापांचे होते. पश्चिमेकडचे पाणी विषुववृत्तावर असूनही चांगलेच गार असते, आणि ढगळ पोशाखात शिरणाऱ्या पाण्यामुळे काहीजणांना लवकर वर यावे लागले. कंपनीने दर आकारताना दाखवलेली तत्परता या बाबतीतही दाखवायला हवी होती.

ही थंडी हेच पश्चिमेकडच्या इग्वानांच्या आकाराचे कारण आहे. प्रशांत महासागराच्या पोटातून पूर्वेकडे वाहणारा क्रॉमवेल प्रवाह इसाबेला आणि फर्नांडिना यांना धडकून वर येतो, त्याबरोबर तळाची पोषकद्रव्ये वर येतात आणि शेवाळ भरघोस वाढते. परिणामी या भागातील मोठे नर दहा किलोंच्याही पुढे जातात. याउलट ईशान्येकडील हेनोवेसा बेटाभोवतीचे पाणी उबदार आणि शेवाळ तुटपुंजे, त्यामुळे तेथील पूर्ण वाढलेला नरही जेमतेम एक किलोचा भरतो. हेनोवेसा आधी आणि फर्नांडिना नंतर, असा आमच्या मार्गाचा क्रम असल्याने हा फरक फार ठसठशीतपणे जाणवला. हेनोवेसावर समुद्रपक्ष्यांच्या गर्दीत खडकांच्या फटींतून डोकावणारे हे बुटके इग्वाना बहुतेक सहप्रवाशांनी नीट पाहिलेही नाहीत. फर्नांडिनावर पोहोचल्यावर मात्र त्यांची आठवण सर्वांना झाली.

आकार लहान असणे हे नेहमीच तोट्याचे नसते, हेही येथे समजते. एल निनोच्या काळात पाणी तापते, आवडीचे शेवाळ मरते आणि उपासमार सुरू होते. १९८२-८३ आणि १९९७-९८ या दोन्ही वेळी काही बेटांवर फार मोठ्या संख्येने इग्वाना मेले, आणि त्यांत मोठ्या आकाराच्या प्राण्यांना अधिक झळ बसली. अशा दिवसांत हे इग्वाना केवळ रोडावत नाहीत, तर त्यांच्या शरीराची लांबीच घटते. ही घट काहींमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मोजली गेली, आणि अन्न पुन्हा मिळू लागल्यावर ती भरून निघाल्याचेही आढळले. पाठीचा कणा असलेल्या प्रौढ प्राण्याने असे आखूड होऊन पुन्हा वाढणे सहजी पटणारे नाही, आणि आमच्या गटातील एका डॉक्टरांनी त्यावर मार्गदर्शकांची बराच वेळ उलटतपासणी केली. त्यांनी न चिडता उत्तरे दिली, आणि तितक्याच शांतपणे २००१ च्या तेलगळतीची हकीकत सांगितली. त्या वर्षी जानेवारीत ‘जेसिका’ नावाचे तेलवाहू जहाज सान क्रिस्टोबलजवळ अडकले. बरेचसे तेल प्रवाहाबरोबर दूर गेल्याने संकट टळले असे वाटत होते, परंतु सांता फे बेटावरील सागरी इग्वानांपैकी सुमारे ६२ टक्के पुढच्या वर्षभरात मेले. शेवाळ पचवणारे आतड्यातील सूक्ष्मजीव तेलाच्या अंशानेही नष्ट झाले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे.

भूचर इग्वानांच्या बाबतीत मात्र नशिबाचा भाग अधिक. ते सागरी इग्वानांसारखे किनाऱ्यावर गर्दी करत नाहीत; काट्याझुडपांत, आपापल्या बिळाच्या आसपास, एकेकटे राहतात. पिवळसर, तांबूस छटांचे जाडजूड शरीर, मानेवर काट्यांचा तुरा, लांबी एक मीटरहून अधिक आणि वजन बारा-तेरा किलोंपर्यंत, असा हा प्राणी. घोरपड पाहिलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल, पण घोरपडीची चपळाई आणि मांसाहारी वृत्ती त्याच्यात नाही. निवडुंगाची पाने आणि फळे हेच त्याचे मुख्य अन्न, आणि कोरड्या महिन्यांत पाणीही त्यातूनच मिळते. इसाबेलावरील उर्बिना उपसागरात आम्हाला ते उत्तम दिसले. १९५४ मध्ये ज्वालामुखीच्या हालचालीमुळे येथील समुद्रतळ काही मीटर वर उचलला गेला. त्यामुळे ज्या जमिनीवर आज इग्वाना बिळे खोदतात, त्याच जमिनीवर वाळलेल्या प्रवाळांचे ढीग पडलेले आहेत. फर्नांडिनावरील माद्या अंडी घालण्यासाठी किनाऱ्याकडून सुमारे दीड हजार मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या काठापर्यंत चढून जातात आणि त्यांतील काही तर उबदार राखेसाठी विवराच्या तळाशी उतरतात, ही गोष्ट केवळ ऐकण्यापुरतीच. प्रवाशांना तेथे प्रवेश नाही, आणि नसावा हेच बरे.

सांता क्रूझवरील सेरो द्रागोन येथील फेरी कार्यक्रमपत्रिकेत ‘सोपी पायपीट’ एवढ्याच शब्दांत उरकली आहे, हा त्या ठिकाणावर अन्याय आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात भटक्या कुत्र्यांनी सांता क्रूझच्या या किनाऱ्यावरील आणि इसाबेलाच्या कार्तागो उपसागरातील भूचर इग्वानांचा अक्षरशः फडशा पाडला. वाचलेले थोडे प्राणी पुएर्तो आयोरा येथील चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात आणून त्यांची पैदास सुरू करण्यात आली, आणि काहींना जवळच्या व्हेनेसिया या छोट्या बेटावर, अंडी घालण्यायोग्य माती मुद्दाम वाहून नेऊन, वसवण्यात आले. सेरो द्रागोनच्या वाटेवर आज जे इग्वाना दिसतात, ते त्या प्रयत्नांचे फळ आहे.

याहून गुंतागुंतीची कथा बाल्ट्राची, आणि ती प्रत्येक प्रवाशाला विमानतळावरच सांगितली गेली पाहिजे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलन हॅनकॉक या अमेरिकी उद्योजकाच्या मोहिमेतील लोकांनी बाल्ट्रावरचे काही इग्वाना, तेथे चारा कमी आहे असे पाहून, शेजारच्या नॉर्थ सेमूर बेटावर नेऊन सोडले. नॉर्थ सेमूरवर पूर्वी इग्वाना नव्हतेच. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाल्ट्रावर अमेरिकेचा हवाई तळ झाला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या बेटावरील इग्वाना संपले. तेव्हा नॉर्थ सेमूरवरील तीच वसाहत कामी आली. तिच्यापासून वाढवलेले प्राणी १९९१ पासून पुन्हा बाल्ट्रावर सोडण्यात आले, आणि आता विमानतळाच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी वाहने थांबवावी लागतात. सांतियागो बेटावर डार्विनला तंबू ठोकायला इग्वानांच्या बिळांविना जागा सापडेना, इतकी त्यांची दाटी होती. पण तेथेही विसाव्या शतकात एकही उरला नव्हता. बेटावरील रानडुकरे आणि शेळ्या हटवल्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये नॉर्थ सेमूरवरूनच चौदाशेहून अधिक इग्वाना तेथे नेण्यात आले. आमच्या सांतियागो भेटीत त्यांपैकी एकही दिसला नाही, फक्त किनाऱ्यावरचे सागरी इग्वाना दिसले; हे सेवेतील वैगुण्य म्हणता येणार नाही.

दिवसाच्या सहलींचा अनुभव संमिश्र होता. वेगवान बोटीतील प्रवास खडतर, इंजिनाचा धूर सतत अंगावर, आणि बेटावर मिळणारा वेळ कमी. तरीही साउथ प्लाझा चुकवू नये असेच सांगेन. या चिंचोळ्या बेटावर भूचर आणि सागरी इग्वाना इतके जवळ राहतात की, क्वचित सागरी नर आणि भूचर मादी यांचा संकर होतो. गडद अंगावर फिकट पट्टे असलेल्या या संकरित इग्वानाला बापाच्या धारदार नख्या मिळालेल्या असतात. भूचर इग्वाना निवडुंगाचे पान खाली पडण्याची वाट पाहत बसतात, तर हा थेट झाडावर चढू शकतो. त्याला स्वतःची संतती होत नाही असे मानले जाते. आम्हाला तो दिसला नाही, आणि तो नक्की दिसेल असे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही दलालावर विश्वास ठेवू नये. सांता फे येथे मात्र निराशा होण्याची शक्यता कमी. तेथील भूचर इग्वाना ही स्वतंत्र प्रजाती असून ती जगात अन्यत्र कोठेही नाही. तिचा रंग अधिक फिका, जवळजवळ राखाडी-पिवळा, आणि पाठीवरचे काटे अधिक उठावदार. झाडाएवढ्या वाढलेल्या निवडुंगांच्या सावलीत तो स्थिर बसलेला असताना वाळलेल्या पाचोळ्यातून वेगळा काढणे कठीण जाते.

आता तक्रारीचा मुद्दा. कंपनीच्या माहितीपत्रकाच्या दर्शनी पानावर गुलाबी इग्वानाचे मोठे छायाचित्र आहे, आणि खाली आमच्याच मार्गाचे नाव आहे. हा इग्वाना केवळ इसाबेलाच्या उत्तरेकडील वोल्फ ज्वालामुखीच्या वरच्या उतारांवर राहतो. १९८६ मध्ये उद्यानाच्या रक्षकांच्या तो प्रथम दृष्टीस पडला, २००९ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला, आणि २०२१ च्या मोजणीनुसार त्यांची संख्या दोनशेच्या थोडी वर आहे. त्याची पिल्ले प्रथमच आढळल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. रानात मोकाट झालेली मांजरे हा त्यांचा मुख्य शत्रू. हा सारा भाग प्रवाशांसाठी पूर्णपणे बंद आहे. नौकेवरून दुरून ज्वालामुखीचा माथा ढगांत लपलेला दिसतो, एवढेच. ज्या प्राण्याचे दर्शन घडवणे कोणत्याही नौकेला शक्य नाही, त्याचे चित्र छापून ग्राहक गोळा करणे ही फसवणूक आहे, आणि त्यासाठी आम्ही या सेवेचा एक तारा सरळ कापतो. मार्गदर्शकांनी मात्र पहिल्याच संध्याकाळी, कोणी विचारण्याआधी, वस्तुस्थिती स्पष्टपणे सांगितली.

मार्गदर्शकांविषयी याहून अधिक काही लिहायचे, तर एवढेच की, ‘हे नाव टिपून ठेवा’ अशा पद्धतीने ते बोलत नसत; समोरचा नर मान का हलवतो आहे, शेजारची मादी त्याच्याकडे दुर्लक्ष का करते आहे, अशा दिसणाऱ्या गोष्टीपासून ते सुरुवात करीत. जेवण साधे आणि पुरेसे, खोल्या लहान पण स्वच्छ. फर्नांडिनाकडे जातानाच्या रात्री समुद्र बराच खवळलेला होता, तेव्हा बोट लागण्याची गोळी आधीच घ्यावी.

खर्चाचा अंदाज बांधताना नौकेच्या दराखेरीज उद्यानाचे प्रवेशशुल्क धरावे लागते; ऑगस्ट २०२४ पासून ते बहुतेक परदेशी प्रौढांसाठी २०० डॉलर आहे. इक्वेडोरचे चलन डॉलरच असल्याने रक्कम बदलून घेण्याचा प्रश्न येत नाही. बेटांवर बिया, फळे, माती असे काहीही नेता येत नाही आणि सामानाची तपासणी गांभीर्याने होते, म्हणून बुटांचे तळवे आधीच धुऊन ठेवावेत. ग्वायाकिलमार्गे जाणाऱ्यांच्या हाताशी दोन विमानांमध्ये वेळ असेल, तर तेथील मुख्य चर्चसमोरच्या बागेत मोकळे फिरणारे हिरवे इग्वाना जरूर पाहावेत. मुख्य भूमीवरची ही झाडांवर राहणारी जात पाहून गेल्यास बेटांवरच्या इग्वानांनी किती वेगळी वाट धरली ते चटकन समजते.

वायव्य मार्गाची एक उणीव मात्र जाणून घ्यावी. बहुतेक ठिकाणचे सागरी इग्वाना काळे किंवा करडे असले, तरी आग्नेयेकडील एस्पान्योला बेटावरील नर विणीच्या हंगामात लाल आणि हिरव्या रंगांनी रंगून जातात, आणि ते बेट या मार्गावर येत नाही. ज्यांना रंग पाहायचे आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारीत आग्नेयेचा मार्ग घ्यावा; ज्यांना मोठे कळप, पाण्याखाली चरणारे नर आणि आकारातील तफावत पाहायची आहे, त्यांनी वायव्येचा. दोन्ही एकत्र करणाऱ्या लांब पल्ल्याच्या सफरी आहेत, पण त्या बऱ्याच महाग पडतात. आमच्या सफरीला पाचपैकी चार तारे.